पाटावरचा मोडेम

या पानावर मी आजवर दोनच कामांसाठी येत आलोय. एक, लोकांचे अमानवीय किस्से वाचायला, आणि दोन, खाली प्रतिक्रियांत जाऊन टवाळी करायला. हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा, पडक्या विहिरीवरची बाई... सगळ्यांना मी "दादा, झोप पूर्ण घेत चला" असा सल्ला देऊन मोकळा झालोय. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर तुम्ही खाली काय काय लिहाल ते मला ठाऊक आहे. लिहा. हक्क आहे तुमचा.

आधीच सांगून टाकतो, यात भूत नाही. पैंजण नाहीत, पांढरी साडी नाही. यात एक कॉम्प्युटर आहे, एक शिंपी आहे आणि बराचसा मी आहे. भीती वाटण्यासारखं काही असलंच तर ते तिसरं.

गाव युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड. नवं शतक नुकतंच लागलं होतं. गावोगावी फोनबूथच्या पिवळ्या पाट्या झळकत होत्या. बाजारात आमचं कापडाचं दुकान, मन्मथ क्लॉथ स्टोअर्स. गादीवर आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि बी.कॉम. होऊन घरीच परतल्यामुळं कोपऱ्यात मी, म्हणजे बसू. त्या कोपऱ्यात मी हट्टानं फोनचा बूथ टाकला आणि बूथमध्ये एक कॉम्प्युटर आणून बसवला. "तालुक्यात न्हाई ते आपल्या दुकानात हाय," असं आप्पा गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे आणि गिऱ्हाईक गेलं की हळूच मला विचारायचे, "पन ते करतंय काय रे?"

दुकानाच्या पायरीवर रशीदचाचांचं शिलाई मशीन. आत कापड घ्यायचं आणि बाहेर पडताना चाचांकडं माप देऊन जायचं, ही रीत माझ्या जन्माच्या आधीपासूनची. त्यांची मुलगी नसीम माझ्याहून लहान. अंबाजोगाईला नर्सिंग शिकून आलेली आणि नुसत्या जिभेनं इंजेक्शन देण्यात तेव्हाच तरबेज.

नसीमला हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी हवी होती. तिथले अर्ज मेलनं जायचे. इकडं चाचांच्या घरी मात्र लातूरचं एक स्थळ येऊन बसलं होतं. पोरगा बरा, घर बरं, फक्त सुनेनं नोकरी करायची नाही ही अट. चाचांनी लेकीला शब्द दिला होता, "दसरे तक तेरी बात. तब तक बुलावा नहीं आया, तो मैं लातूरवालों को हां बोल देतूं." चाचा वाईट नव्हते हो. नजर मंदावत चालली होती, सुईत दोरा आता माझी आई ओवून द्यायची, आणि पोरीचं काहीतरी मार्गी लागावं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

नसीमचं मेलचं खातं मीच काढून दिलेलं. त्या वेळी फुकटच्या मेलचा डबा एवढासा असायचा. चार फोटो आले की तट्ट भरायचा. एक दिवस ती स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाली,

"भैया, हे काय म्हनतंय? मेलबॉक्स फुल?"

"तुझ्या मैत्रिणी लई लिहित असतील."

"माझ्या मैत्रिणींकडं लाईट न्हाई, मेल कुठला! हे सगळे तुमचे हायेत. बघा... सूर्यफूल. सूर्यफूल. मांजराचं पिल्लू. 'हा मेल दहा जणांना पाठवला नाही तर अनर्थ होईल.'"

"मग पाठवलास का?"

"न्हाई."

"बघ. झाला ना अनर्थ."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच उपाय शोधायला लागलो.

उपाय होता एका कॉम्प्युटर मासिकासोबत आलेल्या सीडीत. मेल सांभाळणारा एक प्रोग्राम. वेबसाइट उघडून बसायचं नाही, फोनचं मीटर पळवायचं नाही. लाईन जोडायची, प्रोग्राम सगळे मेल आपल्या मशीनवर ओढून घेणार. मग लाईन तोडा, चहा मागवा आणि निवांत वाचा. वर बॅकअपही काढता येतो. नसीमच्या मेलवाल्या कंपनीनं ही सोय ठेवली होती, हे आमचं नशीब. मी सगळं लावून देणार होतो, हे तिचं.

प्रोग्रामनं आधी विचारलं, येणाऱ्या मेलचा सर्व्हर कोणता, जाणाऱ्याचा कोणता. मी मोठ्यानं भाषांतर केलं, "आवक... आणि जावक." गादीवरून आप्पा पहिल्यांदाच खूश होऊन म्हणाले, "म्हंजी धान्याच्या मोंढ्यावानीच हाय की!" त्या कौतुकानं मी असा काही फुगलो की 'तुमचं नाव' या चौकटीत नसीमचं नाव घालायच्या ऐवजी सवयीनं दुकानाचं नाव ठोकून दिलं. परिणाम असा झाला, की नसीमचा अर्ज त्या दवाखान्यात पोचला तो 'मन्मथ क्लॉथ स्टोअर्स' यांच्याकडून. शिकलेली परिचारिका, अनुभव सहा महिने, प्रेषक कापड दुकान. हे मला पुष्कळ नंतर कळलं. ओघानं येईलच.

पुढं एक टिक होती. मेल ओढून घेतल्यावर वेबवरच्या डब्यात त्यांची प्रत ठेवायची का? मी विचार केला, डबा भरला म्हणूनच तर हा खटाटोप, प्रत कशाला? टिक काढली. नसीमला सांगायचं राहून गेलं. म्हणजे यापुढं तिचे सगळे मेल जगात एकाच ठिकाणी राहणार होते, माझ्या मशीनमध्ये. हे सांगण्यासारखं आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

बॅकअप मात्र मी काढला. काय समजलात! सगळे मेल एका फ्लॉपीवर उतरवले आणि फ्लॉपी वाऱ्यानं उडू नये म्हणून चाचांच्या मशीनवर वजनाखाली ठेवली. वजन म्हणजे चाचांचा लोहचुंबक... जुन्या स्पीकरमधून काढलेला, खाली सांडलेल्या टाचण्या उचलायचा. फ्लॉपीला आणि चुंबकाला एकत्र नांदवणारा मी जिल्ह्यातला पहिलाच असेन. फ्लॉपी परत लावली तेव्हा ती कोरी करकरीत होती. चाचा म्हणाले, "तेरा बॅकअप मेरी टाचनियों ने खा लिया बे."

असो. नवरात्र सुरू झालं. घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या कामावरच्या खोदणाऱ्या यंत्रानं टेलिफोनची केबल उचकटली. अख्ख्या गावाचे फोन मुके. लाईनमन येऊन खड्ड्यात डोकावला, मान हलवली आणि म्हणाला, "दसरा होऊ द्या." बूथ बंद, इंटरनेट बंद. मी रिकामा. म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रिकामा.

अष्टमीला संध्याकाळी सहज म्हणून मी कॉम्प्युटर लावला, तो प्रोग्राम उघडला. नसीमचे जुने मेल जागेवर होते. नवीन काही नाही. येणार कुठून? मशीन बंद केलं आणि घरी गेलो. हे एवढं लक्षात ठेवा.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडं त्या दिवशी दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजतात आणि मग त्यांना विश्रांती. दिवसभर कुणी त्यांना काम सांगायचं नाही. पाटावर कापड मोजायचा लोखंडी गज, आप्पांची कात्री, कुलपं आणि दरसालाप्रमाणं चाचांची कैची. ती ते स्वतः पुसूनपासून आईच्या हातात द्यायचे. "भाभी, इसकू सुला दो. लई थकली बेचारी."

त्या वर्षी आईची नजर कॉम्प्युटरकडं वळली. तिनं मॉनिटरच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. तो एकदम विद्वान दिसायला लागला. मग म्हणाली, "हे जड हाय, राहू दे जाग्यावर. पन यातलं मेन काय, ते आन पाटावर."

"मोडेम," मी म्हणालो. "बाहेरच्या जगाशी बोलतो तो हाच."

"मग त्यालाच आन. बोलून बोलून दमला असंल."

मी मोडेमच्या सगळ्या वायरी ओढून काढल्या. करंटची, फोनची आणि कॉम्प्युटरची. आणि तो आईच्या हातात दिला. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, बेलाचं पान ठेवलं, वर शेवंतीचं एक फूल. गज आणि कैचीच्या मधोमध मोडेम निजला.

नसीम त्या दिवशी सकाळच्या बसनं अंबाजोगाईला गेली होती. गावात लाईन नाही म्हणून तिथल्या कॅफेत मेल बघायला. दुपारी परत आली ती पायरी न चढताच खाली उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"भैया, माझा डबा रिकामा हाय."

"मग चांगलंय की. भरला होता ना?"

"सगळं गेलंय! अर्ज केलेला, त्यांची पोच आलेली, सगळं. एक मेल न्हाई. कॅफेवाला म्हनला, कुनीतरी पासवर्ड चोरला."

चाचा ताडकन उठले. "किसने चुराया बे?"

पासवर्ड नसीमला आणि मला, दोघांनाच ठाऊक होता. हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले. आप्पासुद्धा. मी त्या काढलेल्या टिकची गोष्ट सांगितली. सांगताना ती जितकी मूर्खपणाची वाटली तितकी ती काढताना वाटली नव्हती.

"चोरलं न्हाई गं. ओढून घेतलं. सगळं हितं हाय, या मशीनमधी."

"दाखवा."

"आज न्हाई," आई मधेच म्हणाली. "आज निजवलंय त्याला."

नसीम पायरी चढून आत आली. आवाज न चढवता म्हणाली, "काकू, उद्या लातूरचे येनार हायेत. अब्बा त्यांना काय सांगनार ते तुमाला ठावं हाय. दवाखान्याची पोच तरी मला दाखवू द्या अब्बांना. त्यांनी अर्ज घेतलाय, वाचलाय... एवढं जरी दिसलं, तरी अब्बा थांबतील."

चाचा रिकाम्या मशीनचं पायडल हलवत राहिले.

आईनं पाटाला नमस्कार केला आणि निकाल दिला, "काम सांगू नगंस त्याला. नुसतं डोळे उघडायला लाव. आन पाटाला हात लावायचा न्हाई."

मी कॉम्प्युटर चालू केला. विभूतीच्या पट्ट्यांखाली स्क्रीन उजळली. प्रोग्राम उघडला. जुने मेल होते तसे दिसले. मी छाती काढून म्हणालो, "बघ. हाय का न्हाई?"

नसीम पोचेकडं बघतच नव्हती. तिनं सगळ्यात वरच्या ओळीवर बोट टेकवलं. ठळक अक्षरात, न वाचलेला एक मेल. हैदराबादचा.

उघडला. पहिलीच ओळ... 'प्रिय मन्मथ क्लॉथ स्टोअर्स'.

"हे काय?" नसीम.

"पुढं वाच, पुढं वाच," मी.

पुढं होतं, आपल्या अर्जानुसार नसीम यांना मुलाखतीसाठी बोलावण्यात येत आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. इमारत कोणती, मजला कोणता, मूळ कागद कोणते आणायचे, सगळं. तिनं एकदा वाचलं, मग मोठ्यानं परत वाचलं. इंग्रजीत वाचलं आणि मराठीत सांगितलं, आणि शेवटी बापाकडं वळून त्यांच्या भाषेत म्हणाली, "अब्बा, बुलाया."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मला विचारलं, "बसू, सच बोल. दुकान को बुलाया के मेरी बेटी को?"

"आत नाव बरोबर हाय चाचा. वरचं मी घातलेलं."

"तेरा घाला हुआ सब मिटा दे बेटा," चाचा म्हणाले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा सगळे हसले.

मग गंमत झाली. मुलाखतीला पोरगी जाणार, तर अंगावर नीट कापड हवं. आप्पांनी न विचारताच पांढऱ्या पॉपलिनचा तागा उलगडला. चाचांचे हात मशीनकडं गेले आणि थांबले. कैची पाटावर निजलेली. ते आईकडं बघायला लागले. आईनं क्षणभर पाटाकडं पाहिलं, मग स्वतःच वाकून कैची उचलली, तिच्यावरचं फूल बाजूला ठेवलं आणि त्यांच्या हातात दिली. "घ्या. पोरीच्या कामाला चालतंय. बाकीच्यांना झोपू द्या."

दसऱ्याला सकाळी नसीम परळीला गेली आणि तिथून हैदराबादच्या गाडीत बसली. सोबत तिचा मामा. लातूरचे पाहुणे आले तेव्हा चाचांनी त्यांना चहा पाजला, आपट्याची पानं हातावर ठेवली आणि सांगितलं, "लडकी तो गई. उसकू काम है."

आता तुम्ही म्हणाल, यात अमानवीय काय आहे? मलाही तेव्हा काही दिसलं नव्हतं. आम्ही सगळे आनंदात एवढे गुंगलो होतो, आणि मी तर माझ्या प्रोग्रामच्या हुशारीवर इतका खूश होतो, की साधा प्रश्न डोक्यात आला नाही. तो आला दसऱ्याच्या संध्याकाळी. आईनं पाट आवरला आणि मोडेम माझ्या हातात दिला. "घे तुझं बोलकं."

मी तो घेऊन उभा राहिलो. त्याच्या भोकांत कुंकू गेलेलं. मागच्या तिन्ही जागा रिकाम्या. टेबलामागं वायरी लोंबत होत्या, मी सोडल्या होत्या तशाच. आणि भिंतीवर फोनची लाईन, रिसीव्हर उचलला तर अजून ठार मुकी.

मी खाली बसलो. खुर्ची होती की नव्हती ते बघितलं नाही. नव्हती.

परत कॉम्प्युटर लावला. मेल होता. हैदराबादहून पाठवल्याची तारीख अष्टमीची, दुपारची. म्हणजे केबल तुटून चांगले सहा दिवस उलटल्यावरची. अष्टमीच्या संध्याकाळी मी प्रोग्राम बघितला तेव्हा तो आलेला नव्हता. त्यानंतर मशीन बंद. नवमीला मोडेम पाटावर. बरं, मेल वेबवरच्या डब्यात पडून असता तर नसीमला अंबाजोगाईत दिसला असता. तिथंही नव्हता. कुणीतरी ओढून घेतल्यासारखा.

तुमच्या सगळ्या शंका मी स्वतःला विचारून झाल्यात. दुसरा मोडेम? अख्ख्या गावात नव्हता. अष्टमीला माझी नजर चुकली? मान्य करतो, मी खुर्ची नसलेल्या जागी बसणारा माणूस आहे. पण नजर चुकली तरी मुक्या लाईनवरून मेल येईल कसा? पुण्याच्या माझ्या मावसभावानं, तो यातलाच इंजिनियर, तारीख चुकीची असणार म्हणून सगळं उडवून लावलं. मग काही दिवसांनी पोस्टानं त्याच बोलावण्याचं पत्र आलं, मुलाखत होऊन गेल्यावर. त्यात लिहिलं होतं, अष्टमीला आपल्याला ईमेलही केला आहे. मावसभावानं ते वाचलं आणि विषय बदलला.

आईला सांगितलं तेव्हा ती वाती वळत होती. थांबलीसुद्धा नाही. "मी सगळ्यांनाच निजवलं होतं. एखादं ऱ्हायलं असंल जागं. लेकरांत असतंच एखादं तसलं."

हे स्पष्टीकरण आहे का? नाही. पण इतक्या वर्षांत माझ्याकडं याच्यापेक्षा बरं दुसरं कुणी आणलेलं नाही. तुमच्याकडं असेल तर खाली लिहा. फक्त मला झोप पूर्ण घ्यायला सांगू नका.

नोकरी लागली, हे सांगायचं राहिलं. केबल जोडल्यावर बूथवर वाजलेला पहिला फोन तिचाच होता. चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढं तिनं त्याच दवाखान्यात करवून घेतलं.

हे सगळं लिहू का म्हणून विचारायला परवा मी नसीमला मोबाईल लावला. आता ती तिथं वॉर्डाची मुख्य आहे. मी बराच वेळ केबल, मोडेम, तारखा असं काय काय बोलत होतो. ती म्हणाली, "भैया, तुमी कारन शोधा. मला ड्युटी हाय. एक मिनिट हां." आणि फोन कुठंतरी टेबलावर ठेवून निघून गेली.

मी कट केला नाही. पलीकडं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. चाकांचा आवाज, तेलुगूत कुणी कुणाला हाका मारतंय, मधेच हिंदी. आणि त्या सगळ्यातून लांबवर एका म्हातारीचं रडणं. आमच्याच भागातली असावी, लेकाच्या नावानं पुटपुटत होती. मग नसीमचा आवाज आला, जवळ वाकून बोलावं तसा, अगदी आमच्या बाजारातल्या बोलीत.

"कावून रडताय आजी? मी हाय ना हितं."

म्हातारी रडायची थांबली. मी फोन कानाला धरून तसाच बसून राहिलो.